गाळाचा आकार

बाबा, तुमचा आणि माझा एक राग सामाईक होता. बंदर आपलं, घाम आपला आणि हुकूम मात्र साहेबाचा. या रागावर मी आयुष्यभर भाषणं केली. नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलमधून रिटायर झाल्यावर तर फार. गेल्या महिन्यात केंब्रिजला आपल्या मराठी मंडळींपुढे बोललो, ते तुम्ही जिथे कारकून होतात त्या बंदरावर. बोट आत आणणारा पायलट, दीपगृह, गोडं पाणी, प्रत्येकाचा आकार, म्हणजे बोटींकडून घ्यायची फी, कशी ठरे ते सांगितलं. मग आलो गाळावर. आगबोटींसाठी वाट खोल ठेवायची, म्हणून बारा महिने गाळ उपसायचा, आणि त्याचा खर्च गलबतांवरही लादायचा, ज्यांना त्या खोलीची गरजच नाही! सभागृह तापलं होतं. आणि मी म्हणालो, "माझ्या वडिलांनी या गाळाच्या आकाराचं दरपत्रक करायला नकार दिला. त्यांची बदली झाली."

लोक उभे राहिले, बाबा. टाळ्या थांबेनात. गाडीत माझी मुलगी म्हणाली, "आजोबांनी खरंच नाही म्हटलं? यू नेव्हर टोल्ड मी!" मी रेडिओ लावला.

दरपत्रक तुम्हीच केलं होतं. हे मला तुम्हीच सांगितलंत, मी मेडिकलला असताना, आपल्या स्वयंपाकघरात. आई भाकरी थापतेय, तुम्ही पाटावर बसून शांतपणे बोलताय. एक तांडेल तुमच्या टेबलापाशी आला होता. "भाऊसाहेब, माझं गलबत भरतीला येतं नि ओहोटीला चिखलात बसतं. तुमच्या खोल वाटेचं पैसं मी कशापायी देऊ?" तुम्ही त्याला म्हणालात, नियम आहे. एवढंच. मी ताटावरून ओरडलो, "म्हणजे तुम्ही साहेबाचे नोकर होतात!" तुम्ही म्हणालात, "होतो. आमटी घे." आणि मग, आईकडे बघत, "त्या तांडेलाचं बरोबर होतं. मला तेव्हाच कळत होतं. घरात चार तोंडं होती, मी सही केली."

त्या दिवशी मला तुमची लाज वाटली होती. आज कळतं, तुमच्यापाशी जे होतं ते माझ्यापाशी नाही. तुम्ही चूक केलीत आणि पोटच्या पोराच्या तोंडावर ती कबूल केलीत. मी तुमच्या हातून ती कबुलीसुद्धा काढून घेतली, तिच्या जागी एक खोटा पराक्रम ठेवला, आणि तो तांडेल तर माझ्या भाषणात आलाच नाही. तो आला असता तर तुम्हीही खरे आला असतात.

आता त्याच मराठी मंडळाचं प्रदर्शन आहे. तुमचा फोटो, खाली ओळ: 'यांनी सही नाकारली.' मंडळाची सेक्रेटरी पोरगी गुणाची आहे, ब्रॅकनेलला आयटीत असते. तिने विचारलं, "काका, मजकूर फायनल ना?" मी अंगठ्याचं चित्र पाठवून मोकळा झालो. शुक्रवारी फलक छापायला जातो. आज गुरुवार.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून सरसर लिहून झालं. त्या सेक्रेटरीला 'ती ओळ खोटी आहे' एवढंच लिहायला बसलो की फोन खाली ठेवतो. खरं सांगतो, त्या टाळ्या मला अजून हव्याशा वाटतात. तुम्ही मला कधी दरडावलं नाहीत. आज दरडावा, बाबा. म्हणा, ऊठ, आणि तिला आत्ता फोन कर.