शाळेत जाण्याजोगं कोण आहे?

कोल्हापूर,
शुक्रवार, १४ जून १९७४

प्रिय कालिंदी,

सोमवारी बायडाबाई म्हशीखाली बसली होती आणि मी छत्री मिटून गोठ्याच्या दारात उभा होतो. तिने मान वर केली नाही. धार चरवीत वाजत होती. "व्हय मास्तर," ती म्हणाली, "सगळ्या गल्लीची पोरं गोळा करत फिरतासा, तुमची हंसी कुठं घातलीसा?" मी म्हणालो, हंसा मामाकडे मलकापूरला आहे, आली की बघू. "बघू म्हंजे? शाळा उघडून आठवडा झाला की." मी गेलो होतो तिच्या छबीचं विचारायला. छबी खांबाआडून माझ्याकडे पाहत होती. केसांना तेल, दोन वेण्या, एका वेणीला रिबीन आणि दुसरीला सुतळी. बायडाबाईने चरवी बाजूला ठेवली आणि पदराला हात पुसत सरळ माझ्याकडे पाहिलं. "गेल्या सालाला कालिंदी हितंच हुबी हुती, तुमच्या शेजारी. म्हणली, पुढल्या साली माझी हंसी आन् तुझी छबी एका बस्करावर बसत्याल. मी व्हय म्हणलो ते तिच्या तोंडाकडं बघून. तुमच्या न्हवं."

ते खरंच आहे. नऊ वर्षं मी या गल्लीत दर जूनला दारोदार फिरतोय. पहिलं वर्ष सोडलं तर प्रत्येक वेळी तू बरोबर होतीस. मी दारात उभा राहून वय, नाव विचारायचो. तू सरळ चुलीपाशी जायचीस. दहा मिनिटांनी आतून हसण्याचा आवाज यायचा आणि मला कळायचं, हे घर झालं. हेडमास्तर म्हणायचे, पगार एकाला आणि नोकरी दोघांना. यंदा मी एकटा फिरलो. पुरुष दारात दिसला की बायका पदर ओढून म्हणतात, घरात कोणी नाही. केरबा सुताराच्या घरातून तर मला चहा मिळाला, पोरगं मिळालं नाही. तुझी आठवण आली, हे लिहायला इतका मजकूर लागला.

इकडचं सांगतो. मोरीचा नळ दुरुस्त झाला. तुझ्या अबोलीला मी पाणी घालतो, पण ती माझ्यावर रागावल्यासारखी दिसते. तुमची दोघींची अंथरुणं मी गुंडाळून वर ठेवली होती, परवा पुन्हा खाली काढली. कारण काही नाही. खोली मोठी वाटत होती. बंडूला सांग, त्याने पाठवलेली करवंदं पोचली. निम्मी मी शिक्षकांच्या खोलीत वाटली. शाळेत पहिलीच्या वर्गाला चुना दिलाय. तिसरीच्या वर्गातलं गळणं तसंच आहे. खाली बादली ठेवतो, आणि मुलं पाढे तिच्या ठेक्यावर म्हणतात. रुळाच्या तुकड्याची घंटा अजून चिंचेलाच टांगलेली आहे. मी यातलं काही लपवत नाही. तुझ्यापासून लपवण्यासारखं त्या शाळेत आहे तरी काय? तू तिथे माझ्याआधी होतीस.

राधानगरीहून मी इथे आलो तेव्हा मला गल्लीतलं एक माणूस ओळखत नव्हतं. हेडमास्तरांनी सांगितलं, प्रत्येक दारात एकच प्रश्न विचारायचा. घरात शाळेत जाण्याजोगं कोण आहे? तुझ्या घराच्या पायरीवर तू तांदूळ निवडत बसली होतीस. मी प्रश्न विचारला. तू सूप खाली ठेवलंस आणि म्हणालीस, "मी आहे. घेता का?" आतून तुझी आई ओरडली, कालिंदी, परक्या माणसाशी थट्टा करू नये. मी इतका गोंधळलो की पुढचं घर सोडून त्याच्या पुढच्या घरात गेलो. ही गोष्ट मी आपल्या लग्नात सांगितली. शिक्षकांना सांगितली, तुझ्या भावाला सांगितली, हंसाला तर पाठच आहे. जेवताना तीच म्हणते, बाबा, मी आहे, घेता का? प्रत्येक वेळी सगळे हसतात. तूही हसतेस. तू नेमकी कशी हसतेस ते आठवण्याचा मी गेले चार दिवस प्रयत्न करतोय.

तुझ्याकडूनच मला ती शाळा खरी कळली. मी तिथे शिकवतो, पण ती मला आतून दाखवली तू. शनिवारी मुली शेण आणून वर्ग सारवायच्या आणि सारवलेल्या भुईवर प्रत्येकीने बोटाने आपलं नाव काढायचं. सोमवारपर्यंत ते वाळून घट्ट व्हायचं. तुझं नाव कोपऱ्यात, खिडकीखाली. आता फरशी आहे, तरी मी त्या कोपऱ्यावर सहसा पाय देत नाही. बेंदराला मुलं मातीचे बैल आणायची आणि तुझ्या बैलाचं शिंग दर वर्षी मोडायचं. पहिला नंबर येईल त्याने महिनाभर घंटा द्यायची. तुझ्या दंडाला घंटा देऊन देऊन बळ आलं होतं, असं तू म्हणायचीस आणि बाही वर करून दाखवायचीस. मिलचा भोंगा आणि तुझी घंटा एका वेळी झाली की बाया म्हणायच्या, शाहू मिल कालिंदीला विचारून चालते. रंकाळ्यावर बसून मी हे किती वेळा ऐकलं असेल. ऐकून ऐकून मला वाटायला लागलं होतं, मीही तिथेच शिकलो. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात कधी आली नाही. तुझ्या सगळ्या आठवणी सातवीपाशी थांबतात. आठवीपासून पुढे तू मोठ्या शाळेत गेलीस, त्या चार वर्षांची एक चिंच, एक मैत्रीण, एक मास्तर माझ्या माहितीचा नाही. मी विचारलं नाही. तू सांगितलं नाहीस.

एप्रिलमध्ये आपण ती इंग्रजी शाळा पाहायला गेलो. मी तुझ्या समाधानासाठी आलो होतो, हे मान्य करतो. फाटकापासून बागेची वाट, मुलींचे पांढरे मोजे, सगळं नीटनेटकं. तिथल्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी हंसाच्या गालाला हात लावला आणि तुझ्याकडे पाहून इंग्रजीत विचारलं, मुलीचं नाव काय. हा प्रश्न तुला कळला होता. तू फरशीकडे पाहिलंस. मी उत्तर दिलं. येताना सायकल हातात धरून आपण चालत आलो. हंसा पुढच्या दांड्यावर बसून मोज्यांबद्दल बोलत होती आणि तू बोलत नव्हतीस. मी मनात म्हणालो, बरं झालं, हिला नाही आवडलं. घरी आल्यावर चपला काढता काढता तू म्हणालीस, "हंसा तिथेच जाईल."

त्यानंतर आपण जे बोललो ते मी इथे लिहीत नाही. माझं म्हणणं मला अजून बरोबर वाटतं. जी शाळा माझ्या पोरीला चालत नाही ती बायडाबाईच्या पोरीला चालते, हे मी कोणत्या तोंडाने सांगू? आकाराम शिंप्याने मला तोंडावर विचारलं होतं, हॉटेलवाला आपल्या हॉटेलात जेवत नसला तर आम्ही काय समजावं, गुरुजी. ते मी तुला सांगितलं. इंग्रजी आता पाचवीपासून आहे, तेही सांगितलं. तू म्हणालीस, पाचवीपर्यंत बाकीची पोरं कुठे पोचलेली असतात तुम्हाला ठाऊक नाही. मी म्हणालो, तुला गल्लीची लाज वाटायला लागली आहे. हे मी म्हणायला नको होतं. तू म्हणालीस, "तुम्हाला तुमची शाळा, मला माझी पोरगी." सुट्टी लागली आणि तू हंसाला घेऊन बंडूकडे मलकापूरला गेलीस. स्टँडवर मी ट्रंक टपावर चढवली. हंसाने खिडकीतून हात हलवला. तू समोर पाहत होतीस. मेअखेर येऊ असं ठरलं होतं. आज चौदा जून.

आता सोमवारचं उरलेलं सांगतो, कारण बायडाबाई तिथे थांबली नाही. मी म्हणालो, कालिंदीला हंसाला इंग्रजी शाळेत घालायचंय. मला वाटलं, ती तुझ्यावर चिडेल. ती जरा वेळ म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "घालंलच की. तिला म्हाईत हाय." मी विचारलं, काय माहीत आहे. मी दुसऱ्या गावचा पाहुणा असल्यासारखी ती माझ्याकडे बघायला लागली. "मी चवथीतनं उठलो आन् म्हशीखाली बसलो. ती सातवीपतोर पयली. पयली म्हंजे पयली, मास्तर, दुसरा कोण हाय ते बघायची पाळी न्हवती. मोठ्या शाळंत गेली आन् इंग्रजीनं धरली तिला. तितल्या पोरी घरातनंच शिकून आलेल्या. ही वाचाय हुबी राहिली की हसायच्या. मॅट्रिकला समदं सुटलं, तेवढं एक राहिलं. घरातनं म्हणाले, आता बास." निकालाच्या दिवशी तू तिच्या गोठ्यात जाऊन बसली होतीस. म्हशीच्या अंगाला डोकं लावून रडत होतीस. बायडाबाई तुला म्हणाली होती, रडू नगंस गं, म्हस पान्हा चोरंल. हे सांगताना ती हसली, मग डोळ्याला पदर लावला, मग मला म्हणाली, "तुमास्नी म्हाईत न्हाय? नऊ वर्सं काय गप्पा हाणल्यासा?"

मी तिथून निघालो आणि फिरती अर्धी टाकून घरी आलो. तुझ्या मॅट्रिकच्या निकालाचं साल मी तुझ्या वयावरून मोजून पाहिलं. मी तुझ्या पायरीपाशी आलो तो त्याच्या पुढच्या वर्षीचा जून होता. तू तांदूळ निवडत होतीस. शाळेतला माणूस दारात आला आणि त्याने विचारलं, घरात शाळेत जाण्याजोगं कोण आहे. तू उत्तर दिलंस. मी गोंधळून पुढे गेलो, आणि नऊ वर्षं त्यावर हसलो.

फिरती आज संपली. गल्लीतलं एकच घर उरलंय, ते आपलं. नियम असा आहे की मास्तराने दारात उभं राहून विचारायचं, आणि घरातल्यांनी सांगायचं. नऊ वर्षं मी दुसऱ्यांच्या दारात हे पाळलं आणि स्वतःच्या घरात उत्तर घेऊन शिरलो. म्हणून हे पत्र. हंसाचं तू ठरव. तिकडे जागा आहे, मी काल जाऊन विचारून आलो. तिथे घालायची ठरली तर सकाळी मी तिला सायकलवर सोडीन आणि मग माझ्या शाळेत जाईन. गल्लीत विचारतील, तेव्हा आम्ही ठरवलं असं सांगीन. तुझ्या एकटीचं नाव सांगणार नाही. आपल्या शाळेत ठरली तर पहिली माझ्याकडेच आहे. दोन्हींत मी तुझ्या बाजूला उभा असेन. पण माझा प्रश्न तेवढ्याने संपत नाही. ऑक्टोबरच्या परीक्षेला बाहेरून बसता येतं, एका विषयालासुद्धा. माझं इंग्रजी तुला शिकवण्याइतकं नाही, तरी शेजारी बसून चुका करण्याइतकं आहे. म्हणून मी पुन्हा पायरीपाशी आलोय, छत्री मिटून, आणि या वेळी उत्तर नीट ऐकणार आहे. घरात शाळेत जाण्याजोगं कोण कोण आहे?

तुझ्या दारात उभा,
तुझाच,
नृसिंह

शनिवार. पत्र टाकायच्या आधी एवढं लिहितो. आज सकाळची शाळा. बायडाबाई छबीला घेऊन आली, दोन्ही वेण्यांना रिबिनी. मी तिला सांगितलं, हंसाचं अजून ठरलं नाही. ती म्हणाली, "तुमचं ठरंल तवा ठरंल. माझी पोरगी शिकाय आलीया." छबीचं नाव घातलं. ती खिडकीखालच्या बस्करावर एका कडेला बसली आहे. उरलेल्या जागेवर तिने पाटी ठेवली आहे, आणि कोणी बसायला आलं की तीवर हात ठेवते.