पुरे म्हटलं तरी

७ मार्च, शनिवार
मातेओ येऊन गेला. मंजिरीचा कोलंबियाचा मित्र. ('मित्र' हा शब्द आमच्या घरात अजून चालतो.) इथेच, नेदरलँड्समधल्या आमच्या नायमेखनच्या चिप कंपनीत शुक्रवारी त्याची मुलाखत, इंग्रजीत. त्याचा इथे राहायचा परवाना संपत आलाय. नोकरी नाही लागली तर तो परत जाणार, आणि मंजिरी त्याच्यासोबत. लेकीने हे मेथी निवडता निवडता सांगितलं. तिच्या आईने, सुषमाने, निवडलेलीच मेथी पुन्हा निवडायला घेतली.
त्याला इंग्रजी शिकवायला मीच बसायचं ठरलं. गावच्या शाळेतलं का असेना, व्याकरण पक्कं आहे.

८ मार्च, रविवार
सगळा घोळ कमी-जास्त सांगणाऱ्या शब्दांत. व्हेरी हवं तिथे टू. इनफ कायम आधी, "इनफ गुड". म्हटलं, बाबा रे, टू म्हणजे त्रास होण्याइतकं.
"मंजिरी इज टू ब्यूटिफुल," तो.
"व्हेरी," मी.
"नो, काका. टू. आय हॅव ट्रबल."
हसू आवरेना. आतून मंजिरी ओरडली, "बाबा, यू से 'टू गुड' ऑल द टाइम!"
म्हणतो खरा.

१० मार्च, मंगळवार
नियम सांगून जमेना. शेवटी आमटीच्या तीन वाट्या. एकीत मीठ बेताचं, ती इनफ. दुसरी खारट, पण पोटात जाईल अशी, ती व्हेरी. तिसरी तोंडात घेतली मात्र, "टू! टू!" करत नळाकडे पळाला. सुषमा म्हणाली, "माझी आमटी नासवलीत." तिसरीत मीठ तिनेच घातलं होतं, मूठभर.
मग जेवण. ती पोळी घेऊन आली तर अगदी नीट म्हणाला, "थँक यू काकू, आय हॅव ईटन इनफ." तिने वाढलीच. वर तूप.
त्याने माझ्याकडे बघितलं. "राँग, काका?"
"बरोबर आहे. पण ते इथे चालत नाही."
आजवर ती त्याला विचारून वाढायची.

१३ मार्च, शुक्रवार
मुलाखत झाली. बाहेर पडल्या पडल्या फोन. मशीनवर हात कितपत बसलाय विचारलं, तर हा म्हणाला, "गुड इनफ, अँड लर्निंग." शब्द जागच्या जागी. पण तिथे व्हेरी म्हणायला हवं होतंस रे. मापात बोल, हे मीच शिकवलं…
कळवतो म्हणालेत.

१५ मार्च, रविवार
काही कळलं नाही. मंजिरी सारखी फोन उलटा-सुलटा करते.
सकाळी देवाला दिवा लावला. एरवी मागत नाही. आज मागितलं. किती मागावं कळेना. खूप म्हणवेना. म्हटलं, सायकलवरून जेवायला येता येईल एवढ्या अंतरावर राहू देत दोघं, पुरे.
मागून सुषमा, "झालं का? चहा निवतोय."
उठताना वाटलं, देवाने हिच्यासारखं करावं. पुरे म्हटलं तरी वाढावं.