अकरावं मत

६ ऑक्टोबर, मंगळवार

पाच आणि पाच! आर्डेलने आज दुकानातल्या फळ्यावर लिहूनच टाकलं. बेटावर मतं अकरा. वॉशिंग्टनला पाठवायच्या खासदारासाठी क्रॉकरला पाच, पेल्कीबाईंना पाच. खाली एक ओळ रिकामी, तिच्यापुढे माझं नाव – एव्हिस डायर – प्रश्नचिन्हासकट. नवऱ्याची बहीण झाली म्हणून काय झालं, फळ्यावर टांगायचं का माणसाला?

मी म्हटलं, "माझं अजून ठरलं नाही."

मर्लने उठून मला स्वतःची खुर्ची दिली. बेचाळीस वर्षं या बेटावर आहे, कुणी खुर्ची दिल्याचं आठवत नाही.

७ ऑक्टोबर

नवऱ्याने, विनलने, फडताळाचं दार बसवलं. सात वर्षं सांगत होते. मी छपराकडे बघत नुसता उसासा टाकला. उद्या पन्हळही साफ होईल.

९ ऑक्टोबर

आर्डेलने माझं केकचं भांडं परत आणून दिलं. घासून! बरोबर जॅमची बाटली. म्हणाली, "सहज आले होते." ताकाला जाऊन भांडं लपवायची तिची जुनी सवय. मी जॅम ठेवून घेतला आणि ठरलं नाही म्हणून सांगितलं.

मर्लने संध्याकाळी अख्खा हॅलिबट आणला, साफ करून. तो क्रॉकरवाला. म्हणजे आता मासा क्रॉकरचा आणि जॅम पेल्कीबाईंचा. दोन्ही खाल्ले. भाव खायला मिळतोय तर तोही खावा.

११ ऑक्टोबर, रविवार

इथे खरं लिहायला हरकत नाही.

देवमासे दोरांत अडकतात म्हणून शेवंडांच्या पिंजऱ्यांचे दोर निम्म्यावर आणायचा कायदा येऊ घातलाय. पेल्कीबाई त्याच्या बाजूच्या. दोर निम्मे म्हणजे पिंजरे निम्मे, आणि निम्म्या पिंजऱ्यांवर होडी चालत नाही. विनल एकसष्ट वर्षांचा आहे. होडी विकली तर तो दिवसभर करणार काय? खिडकीत बसून माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवणार.

क्रॉकर दोर राखतो म्हणतो, पण आमची टपालबोट त्याला डोळ्यांत खुपते. हिवाळ्यात आठवड्याच्या तीन फेऱ्यांची एकच करायची म्हणे. एका फेरीवर शाळेच्या बाई इथे राहणार नाहीत. शाळा बंद झाली तर जोलीन मुलांना घेऊन पलीकडच्या किनाऱ्यावर जाईल. शाळेत मुलं दोनच आहेत – ओटिस आणि पर्ल – आणि दोन्ही माझीच नातवंडं.

म्हणजे एका खिशात नवरा, दुसऱ्यात लेक. आणि लोकांना वाटतंय मी मजा करतेय. करतेच आहे म्हणा. दुसरं काय करणार!

१५ ऑक्टोबर, गुरुवार

क्रॉकरसाहेब आले. टपालबोटीनेच! चेहरा उकडलेल्या कोबीसारखा. अंगावर कोळ्याचा पिवळा मेणकापडी कोट, आणि बाहीला दुकानातली चिठ्ठी तशीच लटकत होती. विनलने मला कोपराने ढोसलं, "हसू नकोस." मी कुठे हसत होते? खोकत होते.

मी विचारलं, "बोटीचं काय करणार तुम्ही?"

म्हणाले, "कुठली बोट?"

मी धक्क्याकडे बोट दाखवलं. तर म्हणतात, "अकरा माणसांसाठी आठवड्याला तीन फेऱ्या जरा जास्तच नाहीत का, बाई?" मर्लने पटकन दोरांचा विषय काढला. दोरांवर मात्र माणूस पोटतिडकीने बोलला. विनलचे डोळे भरून आले. ते बघून माझं हसू गेलं.

परत जाताना साहेब पुन्हा त्याच बोटीत बसले. एकाच दिवसात दोन फेऱ्या!

२४ ऑक्टोबर, शनिवार

आज पेल्कीबाई. शनिवार म्हणजे शाळेत सगळ्यांचं जेवण – बीन्स आणि तपकिरी पाव. बाईंनी बीन्स दोनदा मागून घेतले, तिथेच आर्डेलला वाटलं आपण जिंकलो. पूर्वी नर्स होत्या. मर्लच्या सुजलेल्या अंगठ्याला त्यांनी न विचारता पट्टी बांधली. मर्लला पंचाईत – विरोधकाकडून पट्टी बांधून घ्यावी का? बांधून घेतली.

मी विचारलं, "दोरांचं काय?"

म्हणाल्या, "तुमचं दुःख मला कळतं." विनल उठून बाहेर गेला. बाई चांगल्या आहेत. पण दुःख कळणाऱ्यांनी होडीचा हप्ता कधी भरलेला नाही.

२५ ऑक्टोबर

आज दोन पापं केली.

सकाळी विनल बूट घालताना खाली बघतच म्हणाला, "एव्हिस, तू माझ्या बाजूने आहेस ना?" मी म्हटलं, "मग कुणाच्या?"

दुपारी जोलीन म्हणाली, "आई, तू आमच्यासाठी देशील ना?" मी म्हटलं, "तुझ्यासाठी नाही तर कुणासाठी देणार?"

दोघांनाही प्रश्नच विचारले आहेत. खोटं कुठेच बोललेले नाही.

३० ऑक्टोबर

कोरी चिठ्ठी टाकू का? पण अकरात एक कोरी निघाली तर ती कुणाची हे पर्लसुद्धा सांगेल. आजारी पडू का? आर्डेल मतपेटी घेऊन पलंगाशी येईल. एवढ्याशा बेटावर गुप्त मतदान म्हणजे मांजराने डोळे मिटून दूध पिणं.

२ नोव्हेंबर

ठरलं नाही. हे आता कुणाला सांगितलं तर कुणी खुर्ची देत नाही, नुसते दात खातात.

३ नोव्हेंबर, मंगळवार

शाळेत मतदानासाठी फळ्यासमोर पडदा लावला होता. मी आत दहा मिनिटं उभी. बाहेरून आर्डेल ओरडली, "एव्हिस, पत्र लिहितेयस का?"

शेवटी असा विचार केला: दोर गेले तर विनल चिडेल, रडेल, पण राहील. बोट गेली तर जोलीन जाईल. नवरा कुठे जातोय? पेल्कीबाईंच्या नावापुढचा गोल काळा केला. बेचाळीस वर्षांत त्याच्याविरुद्ध केलेली ही पहिली गोष्ट नाही, पण हिची लाज वाटली.

संध्याकाळी सगळ्यांसमोर पेटी उघडली. दरवेळी उघडतात तशीच – बेटाची क्लार्क म्हणून आर्डेल एकेक चिठ्ठी मोठ्याने वाचते, शाळेच्या बाई फळ्यावर रेघा मारतात. दहा वाचून झाल्या. पाच-पाच. अकरावी चिठ्ठी हातात घेऊन आर्डेलने माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. मी खाली मान घालून पेल्कीबाईंचं नाव ऐकायला तयार झाले.

"क्रॉकर."

माझं तोंड उघडंच राहिलं. विनलने चारचौघांत माझा हात हातात घेतला. लग्नातसुद्धा त्याने तो पाद्र्याने सांगितल्यावर घेतला होता. जोलीनने मुलांना कोट चढवले आणि माझ्याकडे न बघता निघून गेली.

४ नोव्हेंबर

क्रॉकर नऊ हजारांनी निवडून आला. म्हणजे आमच्या अकरा मतांनी तिकडे काडीचाही फरक पडला नाही. इकडे मात्र आर्डेलने जॅमची रिकामी बाटली परत मागून नेली, आणि विनल धक्क्यावर सांगत सुटलाय, "माझी बायको माझ्यामागे उभी राहिली."

बोलणार काय! "ते मत माझं नव्हतं" म्हटलं तर जोलीन परत बोलायला लागेल, आणि विनल आयुष्यभर गप्प होईल.

पण पेल्कीवाल्यांत कुणीतरी एक लबाड आहे. (मला सोडून.)

६ नोव्हेंबर

तपास चालू. शाळेच्या बाईंना बिस्किटं नेऊन दिली आणि टक लावून बघत बसले. त्यांनी चार खाल्ली, घाबरल्या नाहीत. त्या नव्हेत. जावई टोबी माझी नजर चुकवतो, पण तो लग्न झाल्यापासूनच चुकवतो. म्हातारा लायमन म्हणाला, "मी चष्मा घरी विसरलो होतो." त्याचाच संशय सगळ्यात जास्त.

८ नोव्हेंबर, रविवार

जोलीन आली. एकटीच. दारातच म्हणाली, "आई, ते मत माझं होतं. आम्ही मार्चमध्येच किनाऱ्यावर घर ठरवलंय, टोबीला बोटींच्या कारखान्यात काम मिळालंय. टपालबोट राहिली असती तरी आम्ही जाणारच होतो. निदान बाबांची होडी तरी राहावी म्हटलं." मग जवळ येऊन हळूच म्हणाली, "माझं धरूनही क्रॉकरला सहाच पडली, म्हणजे तुझं मत तू आमच्यासाठीच दिलंस. हे मला त्याच वेळी कळलं. म्हणून तुझ्याकडे बघवेना."

ती गेल्यावर विनल आत आला. म्हणाला, "एव्हिस, तू माझ्यासाठी जे केलंस ते मी विसरणार नाही."

मी म्हटलं, "विसरलास तरी चालेल."