जानेवारीची नोंद, जुलैची नोंद

८ जानेवारी
आज ह्यांच्या मेंदूचा फोटो काढला. विसरणं किती वाढणार, डॉक्टर सांगेनात. "जुलैत पुन्हा काढू. दोन्हींतला फरक बघितल्याशिवाय काही बोलता येत नाही."
हे खुदकन हसले! "ऐकलंस, मोजणीबाई? आपलीच पद्धत!"

९ जानेवारी
मोजणीबाई! वेधशाळेत नोकरीला लागले तेव्हा ह्यांनीच ठेवलेलं नाव. कॉन्व्हेंटातून नुकतीच सुटलेली मी. ताऱ्यांचं देव बघून घेईल, असं सिस्टर सांगायच्या. ह्यांनी मला नाकासमोर बोट धरायला लावलं. "एक डोळा मीट. आता दुसरा. बोट सरकलं ना? खिडकी मात्र जागेवर. जवळचं जास्त सरकतं, लांबचं कमी. पृथ्वीचे दोन डोळे म्हणजे जानेवारी आणि जुलै – सूर्याच्या ह्या बाजूला एकदा, त्या बाजूला एकदा."
मग तीस वर्षं मी जानेवारी-जुलैत काढलेले ताऱ्यांचे काचेवरचे फोटो भिंगाखाली धरून बसले – तारा केसभर तरी सरकलाय का? जेवढा सरकला, त्यावरून त्याचं अंतर निघायचं. एखादा सरकलेला सापडला की दोघं नुसते हरखून जायचो!

२ एप्रिल
साखरेचा डबा बाथरूममध्ये सापडला. लेक चिडली, "आई, जुलैची वाट कसली बघतेस? आत्ताच नेऊ या."
सवयीनं बोलून गेले, "मध्येच मोजून फरक नीट कळत नाही गं."
"बाबा काय तारा आहेत?"
मी डबा पुसून स्वयंपाकघरात ठेवला.

१९ मे
मी चहा ओतत होते. हे म्हणाले, "मोजणीबाई आज आल्या नाहीत?"
"येतील," म्हटलं. कप भरून वाहिला.

८ जुलै
डॉक्टरांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. "फरक बराच आहे."
हेच शब्द ऐकायला आम्ही एकेकाळी सहा-सहा महिने थांबायचो. आज खुर्चीचा हात घट्ट धरला. काही करता येईल का, विचारलं. "सोबत राहा," म्हणाले. बस्स, एवढंच.

९ जुलै
सकाळी पलंगाशेजारी, खिडकीकडे पाठ करून कपड्यांच्या घड्या घालत होते. हे पलंगावरून बघत होते – एक डोळा मिटून, मग दुसरा. पुन्हा एकदा.
"बाई, तुम्ही कोण ते आठवत नाही. पण खिडकी जागेवर राहिली आणि तुम्ही सरकलात. म्हणजे फार लांब नाही आहात."