तू न चुकवलेल्या गोळ्या

प्रिय आई,

माझ्या आधीची तुझी मुलं पोटातच गेली. माझ्या वेळी डॉक्टरांनी गर्भ टिकवायला हार्मोनच्या गोळ्या दिल्या आणि तू एकही चुकवली नाहीस. हे तू चारचौघांत अभिमानाने सांगतेस. वर म्हणतेस, "हिला मूल नाही, कारण हिला धीर नाही." तेव्हा अंगाचा तिळपापड होतो.

आई, मी दिवसभर प्रयोगशाळेत गर्भाशयाचे तुकडे पातळ कापून काचेवर बघते. वरच्या अस्तरातल्या पेशी स्वतःहून काही ठरवत नाहीत. हार्मोन खालच्या थराला निरोप देतं आणि तो थर वरच्यांना सांगतो, तुम्ही अमुक व्हा. मी तुझ्या पोटात घडत होते तेव्हा त्या गोळ्यांनी भलताच निरोप दिला. माझ्या पेशी बिचाऱ्या ऐकत गेल्या आणि गर्भाशय मूल न टिकेल असं वेडंवाकडं घडलं.

परवा एक काच आली, तशी शेजारच्या टेबलावरची मैत्रीण घाईने म्हणाली, "ही राहू दे, मी बघते." तेव्हाच कळलं, ही माझी, गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी तपासायला काढलेल्या तुकड्याची. मी बघितलीच. गर्भाशयाच्या तोंडाबाहेर, नसाव्यात तिथे ग्रंथी होत्या आणि त्यांच्यात कर्करोग.

हे कळलं तर तू स्वतःला जिवंत ठेवणार नाहीस, म्हणून पत्र टाकणार नाही. फोनवर मी फक्त "गाठ काढायचीय" म्हटलं. तू म्हणालीस, "औषधं वेळेवर घे हं. माझ्यावर गेली असशील तर एकही चुकवणार नाहीस."

"तुझ्यावरच गेलेय गं," मी म्हटलं.

तुझीच,
टिकलेली