पंचमीचा मुराळी

३ जुलै, गुरुवार

पुन्हा 'गोठ्यात पडले'! या जिल्ह्यातल्या गोठ्यांत बायका जितक्या पडतात तितक्या म्हशीही पडत नसतील.

घाटी दवाखान्यातून सरळ आमच्या महिला समुपदेशन केंद्रात आली. सायली. सव्वीस वर्षांची, सिल्लोडच्या पुढच्या एका गावची सून. डावा हात प्लास्टरमध्ये, उजव्या हाताला धरलेली तीन वर्षांची श्रेया. नवरा ट्रॅक्टरचं सामान आणायला मोंढ्यात गेला होता, तेवढ्या वेळात आली. आत यावं की परत जावं या विचारात दारातच उभी. केंद्रातल्या माझ्या सहकारी मालनबाईंनी नेहमीप्रमाणं आधी पोरीला बिस्किट दिलं, मग आईला पाणी, मग विचारलं, "गोठ्यात ढकललं कुणी? नवऱ्यानंच ना?" तेव्हा रडली.

नवरा राजकुमार. दारू नाही, जुगार नाही. नुसता हात उठतो.

पोलिसांत तक्रार? नाय. निवाऱ्यात राहतेस का? नाय. "मी निघाले तर वहिनीचं घर मोडंल, ताई."

साटंलोटं! दोन घरांनी आपापल्या पोरी एकमेकांना दिलेल्या. सायली राजकुमारला, आणि राजकुमारची बहीण रूपा सायलीच्या भावाला, फुलंब्रीला. एकाच मांडवात दोन्ही लग्नं. एक उठून आली की दुसरीलाही उठवून नेतात. "दादा वहिनीला लई जीव लावतो. तिचा सुखाचा संसार मी कशाला मोडू?" जाताना म्हणाली, दादाला तेवढं सांगा. वहिनीला कळू देऊ नका, तिला आपल्या भावाची लाज वाटंल.

मला राग आला. कुणाचा ते कळेना. घरी येऊन नवऱ्यावर, अभयवर काढला. त्या बिचाऱ्यानं खिचडी करून ठेवली होती, मीठ विसरला एवढंच.

४ जुलै, शुक्रवार

सायलीच्या भावाला बोलावून घेतलं. सोमनाथ. चिकलठाण्याला कंपनीत आहे, शिफ्ट सुटल्यावर आला. जेवणाचा डबा मांडीवर घेऊन खुर्चीच्या कडेवर बसला. बहिणीच्या हाताचं सांगितलं तर तो डबा पोटाशी धरून ढसाढसा रडला. या खुर्चीवर मी कितीतरी भाऊ पाहिले. 'बाईच्या जातीनं थोडं सोसावं' सांगून चहा पिऊन जाणारे! रडणारा हा पहिलाच.

"ताई, तिकडं जे जे व्हईल ते मला लगेच कळवा. काय बी लपवू नका." कळवीन म्हटलं.

तो गेल्यावर मालनबाई म्हणाल्या, "असा भाऊ मिळायला नशीब लागतं बघा." मलाही पटलं.

९ जुलै, बुधवार

शेजारणीच्या फोनवरून सायली. काल पुन्हा. प्लास्टरच्या हातावरच.

लगेच सोमनाथला फोन लावला. 'बरं' म्हणाला आणि फोन ठेवला. 

१२ जुलै, शनिवार

सोमनाथशी नीट बसून बोलावं म्हणून फुलंब्रीला गेले. तो दूध आणायला बाहेर गेलेला. दारात रूपा. बारीक चणीची, बोलायला कमी. वीज गेलेली, उकाड्यानं जीव चाललेला, आणि हिच्या ब्लाउजच्या बाह्या मनगटापर्यंत! काय एकेक फॅशन निघतात.

मी म्हटलं, बचत गटाची आहे.

"नाय. तुम्ही सायलीच्या कामाच्या बाई."

खोटं पकडलं गेलं की माझे कान लाल होतात. झालेच.

मग एकदम म्हणाली, "भाऊनं तिला कोणत्या वारी मारलं?" मी म्हटलं, मंगळवारी. "हां." बस्स, एवढंच. वाईट वाटलं नाही, अगं बाई गं नाही, काही नाही. आत जाऊन चहा ठेवला. कप हातात देताना पुन्हा विचारलं, "तुमचं हाफिस स्टँडावरून चालत येण्यासारखं हाय का?"

"औरंगपुऱ्यात. येतं की, विचारत विचारत." बोलून गेले आणि जीभ चावली. ही तर सरळसरळ उलटतपासणी! माहिती गोळा करून भावाला पुरवणार. शेवटी राजकुमारचीच बहीण.

परत आल्यावर मालनबाईंना बजावलं. रूपासमोर अवाक्षर काढायचं नाही. जे बोलायचं ते सोमनाथशी.

१५ जुलै, मंगळवार

सुचलं! मुराळी!

पंचमीला सासुरवाशिणीला न्यायला माहेरचा माणूस जातो. मुराळी दारात आला की त्याला रिकाम्या हातानं परत पाठवत नाहीत. पाठवलं तर गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही. राजकुमारला आणि त्याच्या आईला गावाची भीती आहे, कायद्याची नाही. मग गावाचीच दाखवू!

सोमनाथनं मुराळी होऊन जायचं. चार माणसांसमोर बसायचं, चहा घ्यायचा, बहिणीला आणि भाचीला घेऊन निघायचं. फुलंब्रीला उतरायचं नाही, सरळ केंद्रात यायचं. निवाऱ्यात दोघींची जागा सांगून ठेवली. कोर्टाचा अर्ज, संरक्षणाचा आदेश, पोटगी, सगळं मग करू. आधी ती त्या दारातून बाहेर पडली पाहिजे.

सोमनाथ हो म्हणाला. सायलीही हो म्हणाली. एकदाच विचारलं, "आन् वहिनीचं?"

मी म्हटलं, तुझा दादा तिला कुणाला नेऊ देणार नाही. एवढा जीव आहे त्याचा.

१९ जुलै, शनिवार

सायलीचा फोन, कुजबुजत. राजकुमारनं तिला विहिरीच्या काठावर नेऊन उभं केलं. म्हणाला, पाय घसरला म्हणलं की कोण विचारतं?

आत्ताच्या आत्ता पोलिसांत जाऊ म्हटलं, गाडी पाठवते म्हटलं. नाहीच. "दादा येतोय ना पंचमीला. तवर काढते दिवस."

सोमनाथला शब्दन्‌शब्द सांगितला. मुद्दाम. बहीण कशातून जातेय ते त्याला कळायला नको?

२२ जुलै, मंगळवार

अभय म्हणतो, झोपेत 'विहीर' म्हणून ओरडलीस.

२४ जुलै, गुरुवार

सोमनाथ फिरला.

"ताई, मी तिला आणली की राजकुमार पंचमीला रूपाला नेईल ती ठेवूनच घेईल. माझं घर उघड्यावर पडंल. मला नाय जमणार." आणि पुन्हा रडणं. मी चक्क ओरडले. बहीण विहिरीत गेल्यावर जमेल का रे? शेजारच्या खोलीतले लोक वाकून बघायला लागले. तो डब्याच्या झाकणाकडं बघत बसला. मग मलाच वाईट वाटलं. बायकोवर माया आहे हा काय त्याचा गुन्हा?

मालनबाई म्हणाल्या, मी जाते मुराळी होऊन. त्या गेल्या तर राजकुमार अंगणातूनच हाकलील, आणि सायलीचे हाल होतील ते वेगळेच.

सायलीला सांगायचं कसं? शेजारणीला फोन केला. "माझ्या फोनावर आता करत जाऊ नका बाई. मला बी ह्याच गावात राहायचंय." ठेवून दिला.

म्हणजे ती अजून वाट बघतेय. दादा येणार म्हणून.

२६ जुलै, शनिवार

संरक्षण अधिकारी बाईंकडं जाऊन बसले. त्यांनी मन लावून ऐकलं, पण सायलीची संमती नाही, तिच्याशी बोलायला वाट नाही. त्या तरी काय करणार? पंचमी झाली की बुधवारी दोघी मिळून गावात जाऊ म्हणाल्या. बुधवारपर्यंत काय काय होऊ शकतं ते माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. मीच आशा दाखवली तिला. तीही सणाची!

२८ जुलै, सोमवार

आज भावाचा उपवास. पंचमीच्या आदल्या दिवशी भावाला आयुष्य मिळावं म्हणून बहिणी धरतात तो. मीही धरते, श्रद्धेपेक्षा सवयीनं जास्त. सायलीनंही धरला असेल. सोमनाथसाठी. घास उतरला नसता, बरं झालं उपवास होता.

सोमनाथचा फोन. काल राजकुमार फुलंब्रीला येऊन रूपाला पंचमीसाठी माहेरी घेऊन गेला. तिकडचा मुराळी आला, इकडचा गेला नाही. उद्या रूपा त्या अंगणात झोका खेळणार, आणि त्याच अंगणात सायली दाराकडं बघत बसणार. रूपाबद्दल माझ्या मनात जे आलं ते इथं लिहीत नाही.

२९ जुलै, मंगळवार

आल्या!!

अक्षर कसंही येतंय. येऊ दे.

पंचमीमुळं केंद्रात मी एकटीच होते. दुपार कलली होती. दार वाजलं. दारात सायली, एका हाताला मेंदी, दुसऱ्याला प्लास्टर. मागं रूपा, कडेवर श्रेया, पदराखाली पूजेचं ताट. त्यात लाह्या, हळदीकुंकू, दुधाचा तांब्या. दूध बसमध्ये सांडून गेलं होतं.

बायका गावाबाहेर वारुळाला पूजेला जातात, पुरुष मागं येत नाहीत. सासूनंच सायलीला पाठवलं, नणंद आलीय, जा तिच्यासंगं म्हणून! बायकांनी फेर धरला, गाणी सुरू झाली, आणि रूपानं हिचा हात धरून शेजारच्या मक्यात घातली. मक्यातून रस्त्यावर, रस्त्यावरून काळीपिवळी जीपनं सिल्लोड, तिथून एसटी. आणि स्टँडावरून चालत. विचारत विचारत.

मुराळी आला तो असा. धोतर नाही, टोपी नाही, मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाउज घालून!

सायली हसत होती. तिला हसताना आज पहिल्यांदाच पाहिलं. "फुलंब्री आली तशी मी म्हणलं, वहिनी, उतरू, दादा हाय. तर ही सीटखाली वाकली, आन् मला बी वाकवलं. दादाला काय भ्यायचं!" रूपा श्रेयाला लाह्या भरवत बसली.

मी तिची माफी मागितली. तुझ्याबद्दल वाईट विचार केला म्हटलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चहा हाय का?"

निवाऱ्यात सोडून आले तिघींना. आजची रात्र रूपाही तिथंच. राजकुमारनं शोध सुरू केला असणार, पण निवाऱ्याचा पत्ता त्याला काय, सोमनाथलाही माहीत नाही. मालनबाईंना फोनवर सांगितलं तर त्या रडायलाच लागल्या.

उद्या पहिलं काम, सोमनाथला फोन. बहीण सुखरूप आहे, आणि आणली कुणी तर त्याच्याच बायकोनं! किती रडेल बिचारा.

३० जुलै, बुधवार

सकाळी निवाऱ्यात गेले. दोघींसमोरच सोमनाथला फोन लावायला घेतला. रूपानं माझं मनगट धरलं. "नका करू, ताई." दुसऱ्या हाताची बाही दातांनी वर ओढली. कोपरापर्यंत काळेनिळे, वर जुने पिवळे.

"तिकडं हिला मारलं की तुमचा फोन यायचा. ह्यांचं रडून झालं की मला उठवायचे. तुझ्या भावानं माझ्या बहिणीचा हात मोडला म्हणून."

सायलीनं हातातली कपबशी खाली ठेवली. "वहिनी, मी तर तुझं घर मोडू नये म्हणून तिथं…"

"मी बी तुझंच," रूपा म्हणाली.

परवा दोघींनी आपापल्या भावासाठी उपवास धरला होता.

मी फोन पिशवीत ठेवला. आजवरचा प्रत्येक फोन मीच केला होता.