लायलच्या बंदुका आणि माझी तिजोरी

मी, व्हेर्ना हॉल्व्होर्सन, कै. ऑर्व्हिल हॉल्व्होर्सन यांची पत्नी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, राहणार लॉज बट, राज्य मोंटाना, आज पूर्ण शुद्धीवर असून माझ्यावर कोणाचेही दडपण नाही, असे या कागदाने जाहीर करते. याआधीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. डॉक्टरांनी स्वादुपिंडाचा कर्करोग सांगितला आहे. यंदाचा बर्फ वितळलेला मला दिसेल असे त्यांना वाटत नाही आणि मलाही वाटत नाही. वकिलाने छापील नमुना दिला होता, पण त्यात बंदुकांसाठी एकच ओळ मोकळी सोडली होती. तेवढ्यात माझे भागण्यासारखे नव्हते, म्हणून हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे.

कलम १. राहते घर, मागचे कुरण आणि घरातील सर्व सामान माझी एकुलती एक मुलगी कॅरन हिला द्यावे. अपवाद फक्त पुढे लिहिलेल्या वस्तूंचा. कॅरन स्पोकेनला राहते आणि तिला हे घर नको आहे, हे मला माहीत आहे. तिने ते खुशाल विकावे. मात्र स्वयंपाकघराची खिडकी घट्ट बसते, ती उघडण्याची युक्ती घेणाऱ्याला सांगावी. डावीकडून बुक्की मारायची.

कलम २. बँकेतील शिल्लक कॅरनला मिळावी. त्यातून आधी कलम ७ चा खर्च भागवावा आणि चर्चच्या गळक्या छतासाठी काही रक्कम द्यावी. छतासाठीच द्यावी. नव्या ऑर्गनसाठी माझा एक डॉलरही वापरू नये. जुना ऑर्गन ठीक आहे, वाजवणारी बाई ठीक नाही.

कलम ३. ऑर्व्हिलची सुतारकामाची हत्यारे शेजारच्या पीडर एक्लंडला द्यावीत. अर्धी त्याच्याकडेच आहेत.

कलम ४. लेफ्से, म्हणजे आमच्या नॉर्वेजियन बटाट्याच्या पातळ पोळ्या, भाजण्याचा मोठा तवा माझी नणंद सिग्ने हॉल्व्होर्सन हिला देऊ नये. सासूबाई गेल्यावर तो तिने मागितला होता, मी दिला नाही. त्यावर तिने चर्चच्या जेवणात, भरल्या ताटावरून सगळ्यांदेखत म्हटले, "व्हेर्नाच्या हातात तवा गेला आणि लेफ्सेची भाकरी झाली." तेव्हापासून आम्ही फक्त हवामानाबद्दल बोलतो. तवा कॅरनला द्यावा. कॅरनला लेफ्से येत नाहीत, तरी चालेल.

कलम ५. आता तिजोरीबद्दल.

आमच्या घरात पूर्वी बंदुका काचेच्या दाराच्या लाकडी कपाटात असत. ऑर्व्हिलनेच ते अक्रोडाच्या लाकडाचे बनवले होते आणि आल्या-गेल्याला तो ते दाखवत असे. कुलूप होते, किल्ली कुलपालाच लटकत असे. पुढे कॅरन चालायला लागली तेव्हा मी म्हटले की पोलादी काहीतरी घेऊ. शेतीच्या दुकानात पातळ पत्र्याची कपाटे स्वस्त होती, पण पीडरने दुकानातच एक दार पहारीशिवाय, नुसत्या हाताने वाकवून दाखवले. आगीत टिकणारी नवी तिजोरी घ्यायची तर ट्रॅक्टर विकावा लागला असता. शेवटी गावातले औषधाचे दुकान बंद पडले आणि त्यांची जुनी तिजोरी आम्हाला भंगाराच्या भावात मिळाली. ती आणताना व्हरांड्याची पायरी मोडली. जमीन खचायला लागली तेव्हा ऑर्व्हिलने तळघरातून दोन टेकू लावले आणि तिजोरी खालच्या तुळईला बोल्टने जखडली. काम चोख केले, पण कुलपाचा आकडा लावला तो त्याने सर्वांत मोठे एल्क हरीण मारले त्या दिवसाच्या तारखेचा. ती गोष्ट तो प्रत्येक लग्नात सांगत असे, तारखेसकट. एकदा कॉफी पिता पिता पास्टरसाहेबांनी गंमत म्हणून आकड्यांची चकती फिरवली आणि पहिल्याच फेरीत दार उघडले. अख्ख्या खोऱ्याला आमच्या तिजोरीचा आकडा पाठ होता. त्याच संध्याकाळी मी तो बदलून घेतला. नवा आकडा ऑर्व्हिललाही मरेपर्यंत कळला नाही. शिकारीच्या मोसमात त्याला माझ्याकडे मागणी करावी लागे, आणि हे त्याला अजिबात आवडत नसे.

ऑर्व्हिल गेल्यावर त्याच्या बंदुका मी विकल्या. तिजोरी मात्र रिकामी राहिली नाही. आमच्या खोऱ्यात एखाद्या घरात वाईट दिवस आले, बायको सोडून गेली, जनावरे लिलावात निघाली, तर त्या घरातल्या बंदुका काही दिवस दुसऱ्या घरी जातात. कोणी फार बोलत नाही. गाडी येते, ब्लँकेटात गुंडाळलेले काहीतरी आत जाते, कॉफी होते. आम्ही म्हणतो, अमक्याच्या बंदुका पाहुण्या गेल्या आहेत. माझ्याकडे अशा पुष्कळ आल्या आणि बऱ्याच सुखरूप परत गेल्या. ज्यांच्या वेळेवर आल्या नाहीत त्यांच्या अंत्यविधीला मी लेफ्से घेऊन गेले आहे. या खोऱ्यात अस्वलाने मारलेला माणूस माझ्या पाहण्यात नाही. स्वतःच्या बंदुकीने गेलेले माझ्या वर्गातलेही आहेत, चर्चमधलेही आहेत, आणि आमचे बाबाही आहेत.

कलम ६. आज तिजोरीत असलेल्या बंदुका माझ्या मालकीच्या नाहीत. त्या माझा धाकटा भाऊ लायल टोलेफसन याच्या आहेत. हे स्पष्ट लिहिले नाही तर त्या माझ्या मालमत्तेत धरल्या जातील. मृत्युपत्र कोर्टात कोणालाही वाचता येते, म्हणून नाव घालायला मी कचरत होते. मी लायललाच विचारले. तो म्हणाला, "घाल की. कोर्टातल्या पोरीला कळलं तर कळलं. बायको गेल्यावर मी वेडापिसा झालो होतो, हे तिच्या आईला माहीतच आहे."

त्याची बायको डोना गेल्या वर्षी नोव्हेंबरात गेली. दफनाच्या दुसऱ्या दिवशी लायल स्वतः आला. एल्कची रायफल, सशांवरची लहान रायफल आणि बाबांची दुनळी, तिन्ही त्याने टेबलावर ठेवल्या.

"ठेव थोडे दिवस," तो म्हणाला.

"किती?"

"मला माहीत नाही. मी मागायला येईन. देऊ नकोस."

"कधीच नको?"

"कशाला हव्यात ते मला धड सांगता आलं, तर दे."

दुनळीबद्दल एक गोष्ट नोंदवून ठेवते. बाबा गेले ते तिनेच, गोठ्यामागे. लायल तेव्हा शाळकरी पोर होता आणि त्यानेच त्यांना पाहिले. पुढच्या शरद ऋतूत काकांनी तीच दुनळी पुसून, तेल लावून त्याच्या हातात दिली आणि फेझंट पक्षी मारायला नेले. चांगली बंदूक आमच्याकडे कोणी टाकून देत नाही. मी तेव्हा काकांवर ओरडायला हवे होते, असे कोणाच्या डोक्यातही आले नाही, माझ्याही नाही. मला तिचा तिरस्कार आहे. ती माझी नसल्याने मी तिची विल्हेवाट लावू शकत नाही. लायलने ती पीडरकडून कापून घ्यावी, ही आज्ञा नसून विनंती आहे.

तर लायल दर रविवारी येतो. सफरचंदाचा केक खातो, कॉफीचा दुसरा कप घेतो आणि मग विचारतो.

"व्हेर्ना, माझी रायफल दे."

"कशाला?"

"एल्कचा मोसम आलाय."

"तुझा गुडघा तुला चर्चच्या पायऱ्या चढू देत नाही, डोंगर काय चढतोस? पुढच्या रविवारी बघू."

"फार खाष्ट आहेस तू."

"केक संपव."

असे वर्षभर चालले आहे.

कलम ७. विमा. घराच्या साध्या विम्यात बंदुका चोरीला गेल्या तर नाममात्र रक्कम मिळते. पुरती हवी असेल तर प्रत्येक बंदूक नंबर आणि फोटोसह वेगळी जोडावी लागते आणि थोडा जास्त हप्ता भरावा लागतो. हे मला आमचा विमा एजंट ड्वेन याने समजावले. मी म्हटले, मग या तीन माझ्या विम्यात जोड.

"तुमच्या आहेत का?"

"भावाच्या आहेत. पण माझ्याकडेच असतात."

"मग तुमच्यात बसत नाहीत. त्यांच्या पॉलिसीत टाकू, ठेवण्याची जागा म्हणून तुमचा पत्ता देऊ."

"आणि बिल त्याच्या घरी जाणार. वर तिन्हींची नावं छापलेली. एकटा माणूस संध्याकाळी टपाल उघडतो, ड्वेन. त्याला ते कशाला वाचायला लावतोस?"

ड्वेन बराच वेळ पेन चावत बसला. मग त्याने बिल माझ्या पत्त्यावर लावून घेतले. तो तसा बरा मुलगा आहे, फक्त हळू आहे. हा हप्ता माझ्यामागे माझ्या पैशातून भरावा आणि बिल कलम ८ मधील व्यक्तीच्या पत्त्यावर जावे. लायलला त्यातला कोणताही कागद पाठवू नये.

कलम ८. तिजोरी, तिचा आकडा आणि आतील बंदुकांची राखण कोणाकडे द्यावी, यावर मी कर्करोगापेक्षा जास्त विचार केला आहे.

कॅरनकडे नाही. कॅरन, बाळा, वाईट वाटून घेऊ नकोस. तू मायाळू आहेस. मामा दारात उभा राहून दोनदा म्हणाला की बरं वाटतंय, तर तू त्याला बंदुका देशील, वर गाडीपर्यंत उचलूनही नेशील. पीडरकडे नाही, तो लायलबरोबर बिअर पितो. पास्टरसाहेबांकडे नाही. त्यांचा माणसांवर फार लवकर विश्वास बसतो, तो त्यांचा धंदाच आहे.

मला असे माणूस हवे होते ज्याने आयुष्यात कोणापुढे मान तुकवलेली नाही. सिग्नेने बँकेला नाही म्हटले आहे, रस्ता रुंद करणाऱ्या सरकारला नाही म्हटले आहे, आणि एकोणऐंशी साली खुद्द लायलने लग्नाचे विचारले तेव्हा त्यालाही नाही म्हटले आहे. मग मी तिला फोन लावला.

"थंडी पडली," ती म्हणाली.

"सिग्ने, मी मरणार आहे."

"ऐकलं मी."

"माझी तिजोरी घेशील? लायलच्या बंदुका आहेत आत."

 मग तिने विचारले, "किती दिवसांसाठी?"

"तो म्हातारा होऊन अंथरुणात मरेपर्यंत."

"माझ्या घराची जमीन पेलणार नाही तेवढं वजन."

"ऑर्व्हिलने लावले तसे टेकू पीडर लावून देईल. खर्च माझा."

"मग पाठव," ती म्हणाली. फोन ठेवता ठेवता म्हणाली, "तवाही पाठव."

तवा मिळणार नाही. कलम ४ कायम आहे. तिजोरी मात्र मी या कलमाने सिग्ने हॉल्व्होर्सन हिला देते. आकडा मी तिच्या कानात सांगितला आहे, त्यासाठी आम्ही अठ्ठावीस वर्षांनी एकमेकींजवळ बसलो.

कलम ९. वरील कलमे लिहून झाली होती. हे मागाहून जोडत आहे.

परवाच्या रविवारी लायल आला. केक खाल्ला, दुसरा कप घेतला, माझ्या औषधांची चौकशी केली, भांडी विसळली आणि टोपी घातली. रायफल मागितली नाही. वर्षभर मी वाट पाहत होते की हा एकदा तरी न मागता जाईल, मग म्हणेन की सुटला बिचारा. तो दाराशी पोचला तेव्हा मला सुचले की त्याला आता माझ्या तिजोरीची गरजच उरली नसेल. या गावात कोणालाही दुपारच्या जेवणाआधी बंदूक विकत मिळते, हे मला कळत नव्हते असे नाही. मी तिजोरी सांभाळत बसले होते.

"लायल," मी म्हटले, "तू स्वतःला मारायचं ठरवलं आहेस का?"

हे वाक्य मी आयुष्यात प्रथमच तोंडातून काढले. बाबांना कोणी विचारले नव्हते.

तो दाराकडे तोंड करूनच म्हणाला, "तू गेल्यावर. आधी नाही."

"नवी घेतलीस?"

"गाडीत आहे. बुधवारपासून घेऊन फिरतोय. घरात न्यायची भीती वाटते."

"आण इकडे."

त्याने आणली. दुकानाची चिठ्ठीही काढली नव्हती. मी उठून तिजोरीपर्यंत जाऊ शकत नव्हते, म्हणून ती मांडीवर आडवी घेतली, त्याला समोर बसवले आणि कॅरनला फोन लावला. ती रातोरात आली, लायलला घेऊन बिलिंग्जच्या इस्पितळात गेली. तो स्वतःच्या पायांनी आत गेला. डॉक्टरीणबाईंनी त्याला दोन आठवड्यांसाठी ठेवून घेतले आहे, पुढेही भेटत राहायला सांगितले आहे. जाण्याआधी त्याने मला सांगितले, "चौथीही लिही कागदात." म्हणून लिहिते: तिजोरीत आता चार बंदुका आहेत. चौथीही कलम ८ प्रमाणे ठेवावी. कॅरनने मला धरून नेले, चकती मी फिरवली आणि ती तिच्या हाताने आत ठेवून घेतली.

कलम १०. हे फक्त लायलसाठी.

लायल, माझा तुझ्यावर फार जीव आहे. हे मी तुला केक वाढताना सांगायला हवे होते, पण आपल्या घरात तशी पद्धत नव्हती. मी मरते आहे याचा मला राग आहे तो मुख्यतः तुझ्यामुळे. तू माझ्यामागे आलास तर मला ते कधीच आवडणार नाही.

मी गेल्यानंतर येणाऱ्या पहिल्याच रविवारी तू सिग्नेकडे जायचे आहेस आणि बंदुका मागायच्या आहेत. ती नाही म्हणेल. पुढच्या रविवारी पुन्हा जा, पुन्हा माग. ज्या रविवारी मागावेसे वाटणार नाही, त्या रविवारी का वाटत नाही ते तिला खरे सांग. ती तुला गोड बोलणार नाही, पण दार उघडेल. मृत्युपत्रातली ही एकच अट मी सर्वांत खाली लिहिते आहे आणि तिच्याखाली सही करते आहे.

वरील सर्व मजकूर मी वाचला असून तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे. सही माझीच आहे, औषधाने हात कापतो म्हणून वाकडी आली.

ठिकाण: लॉज बट, मोंटाना
दिनांक: ९ ऑक्टोबर २०१९

(सही) व्हेर्ना हॉल्व्होर्सन

साक्षीदार पहिला: (सही) पीडर एक्लंड. माझ्यासमक्ष सही झाली. हत्यारांबद्दल आभारी आहे.

साक्षीदार दुसरी: (सही) सिग्ने हॉल्व्होर्सन. सर्व वाचले. टेकू लावून झाले. रविवारी अकरापर्यंत मी चर्चमध्ये असते, लायलने त्यानंतर यावे. केक मला येत नाही, सूप असेल.